स्पंजाच्या शोधाचा जमाखर्च

औषध म्हटले की आपल्या मनापुढे प्रथम रान उभे राहते. अडुळसा, गुळवेल, हिरडा, सिंकोना ही सारी भूमीची देणगी. रक्ताच्या कर्करोगावर गुणकारी ठरलेले व्हिन्क्रिस्टिनही आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनच निघाले. समुद्राशी आपल्या वैद्यकाचा संबंध नव्हता असे नाही. शंखभस्म, मौक्तिकभस्म, प्रवाळ आणि समुद्रफेन ही नावे आपल्या घरांतून परिचित आहेत, आणि साक्षात धन्वंतरी तर समुद्रमंथनातूनच वर आला अशी आपली कथा आहे. तथापि त्याच समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून बसलेल्या, हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत अशा एका क्षुद्र प्राण्याच्या देहात कर्करोगावरील औषधाचा माग काढावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाच्या मनास शिवली नव्हती. तो प्राणी म्हणजे स्पंज.

या शोधाचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत टिपणे लिहिण्यात आणि नोंदवह्या राखण्यात ज्यांचे दिवस जातात, अशा पदवीधर कारकुनांपैकी आम्ही एक आहोत. आमचे बिऱ्हाड बेंगळूरूच्या राजाजीनगरात, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. समुद्राचे दर्शन आम्हांस रजा मिळाली तरच घडते. परंतु या विषयात आम्हांस जी गोडी वाटली, तिचे मूळ आमच्या कारकुनीतच आहे. आमच्या कामात प्रत्येक खर्चापुढे फलनिष्पत्तीचा एक रकाना असतो. तो वर्षानुवर्षे रिकामा राहिला की वरून शेरा येतो, आणि दोन-तीन शेऱ्यांनंतर फाईल बंद होते. हा नियम बहुतेक ठिकाणी योग्यच आहे. मात्र स्पंजातील औषधाच्या शोधास तो लावला असता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि त्याचे उत्तर इतिहासानेच दिलेले आहे.

प्रथम स्पंज म्हणजे काय ते पाहू. तो वनस्पती की प्राणी, याचाच निर्णय कित्येक शतके झाला नव्हता. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास जिवंत स्पंज पाण्यात ठेवून, त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी आत जाते आणि मोठ्या छिद्रांतून बाहेर फेकले जाते, हे दाखवून दिले; त्यानंतर त्याचे प्राणित्व हळूहळू मान्य होऊ लागले. या वादात आपल्या मुंबईचाही वाटा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हेन्री जॉन कार्टर हे १८४२ मध्ये मुंबईस आलेले शल्यवैद्य. चाकरी सांभाळून ते मुंबई बेटावरील तळ्यांतून गोड्या पाण्यातील स्पंज गोळा करीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्यांची रचना, त्यांची वाढ आणि त्यांचे प्राणित्व यांवर त्यांनी १८४० नंतरच्या दशकात लेख लिहिले, आणि १८४९ मध्ये मुंबईच्या तळ्यांतील कित्येक जातींची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यांपैकी स्पाँजिला आल्बा हे नाव आजही शास्त्रात मान्य आहे. पुढे बॉवरबँक यांनी भारतातील एका स्पंजास कार्टर यांचेच नाव दिले. मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचे ते चिटणीस होते. १८५९ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८६२ मध्ये मायदेशी परतले.

परत गेल्यावर त्यांनी आपला मोर्चा समुद्रातील स्पंजांकडे वळविला. जगभरातून त्यांच्याकडे नमुने येत, आणि ते एकेकाचे वर्णन करून नाव ठेवीत. १८८० मध्ये मन्नारच्या आखातातून खरवडून काढलेल्या नमुन्यांवर त्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. भारत आणि श्रीलंका यांच्यामधील या आखातातील एका जांभळट स्पंजास त्यांनी ‘पर्प्युरिया’ असे नाव दिले. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. त्याची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

दुसरी नोंद तर आपल्याला अधिक जवळची आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे राज्य काठेवाडच्या टोकाला ओखामंडळापर्यंत पसरले होते. त्या किनाऱ्यावरील समुद्रसंपत्तीची पाहणी करावी म्हणून सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल यांस बोलावले. हॉर्नेल यांनी १९०५-०६ मध्ये तेथील सागरी जीव गोळा केले. त्यांतील स्पंज लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक आर्थर डेंडी यांच्याकडे वर्णनासाठी गेले. बडोदे सरकारास सादर झालेला हा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ मध्ये, छापला गेला. मराठी मुलखाबाहेर राज्य करणाऱ्या एका मराठी राजाच्या खजिन्यातून ओख्याच्या खडकांवरील स्पंजांची यादी तयार झाली, ही बाब आम्हां परप्रांतीय मराठी माणसांना अभिमानाची वाटल्यास नवल नाही. मोत्यांचे शिंपले आणि मासळी यांतून राज्याला उत्पन्न मिळावे हा त्या पाहणीचा हेतू होता. स्पंज त्यात ओघाने आले. त्यांचा उपयोग काय, हे त्या वेळी विचारले असते तर डेंडींनाही सांगता आले नसते.

कार्टर काय किंवा डेंडी काय, औषध शोधीत नव्हते. ते नोंदवही लिहीत होते. जात कोणती, कोठे सापडली, किती खोलीवर, शरीरातील काट्यांसारख्या कंटिकांचा आकार कसा, एवढेच ते टिपून ठेवीत. पुढे जे घडले ते या नोंदवहीवाचून घडणे शक्य नव्हते.

आता स्पंजात औषधाची शक्यता का असावी, ते पाहू. स्पंज एकदा खडकास चिकटला की आयुष्यभर तेथेच राहतो. त्यास पळता येत नाही, दात-नखे नाहीत, कवचही नाही. स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक हजार पट पाणी तो रोज गाळून काढतो आणि त्यातील सूक्ष्म कणांवर जगतो. त्या पाण्याबरोबर रोगजंतूही आत येतात. शेजारी जागा बळकावण्यास टपलेले असतात, आणि मासे चावा घेण्यास. अशा निःशस्त्र प्राण्याने कोट्यवधी वर्षे तग धरला, त्याचे एक मोठे कारण त्याच्या देहातील विषारी संयुगे हे होय. शेजाऱ्याची वाढ थांबविणारे विष हे वेड्यासारख्या वाढणाऱ्या पेशीचीही वाढ थांबवील काय, हाच या शोधाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. समुद्रमंथनात अमृताच्या आधी हलाहल निघाले, आणि कर्करोगाच्या बाबतीत तर हलाहलाची मात्रा मोजून देणे हीच बहुतेक औषधांची रीत आहे.

परंतु पहिला शोध या तर्काने लागलेला नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे रसायनज्ञ वर्नर बर्गमन हे सागरी प्राण्यांतील स्टेरॉल या वर्गाच्या स्निग्ध पदार्थांचा अभ्यास करीत होते. कर्करोगाचा त्यांच्या अभ्यासाशी काही संबंध नव्हता. १९४५ मध्ये फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळील एलियट की या बेटापाशी एक स्पंज गोळा करण्यात आला. त्यास त्या वेळी शास्त्रात नावही नव्हते. द लाउबेनफेल्स यांनी १९४९ मध्ये त्याचे क्रिप्टोटेथिया क्रिप्टा असे नामकरण केले. हा वाळविलेला स्पंज ॲसिटोनमध्ये उकळला असता अपेक्षा नसलेले स्फटिक हाती आले. बर्गमन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट फीनी यांनी १९५० व १९५१ मध्ये त्यांवरील निबंध प्रसिद्ध केले. स्पंजोथायमिडिन आणि स्पंजोयुरिडिन ही त्या संयुगांची नावे.

त्यांत विशेष काय होते, ते सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो. पेशीच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्य म्हणजे एक लांबलचक साखळी. तिच्या प्रत्येक कडीत एक शर्करा असते. निसर्गात सर्वत्र ही शर्करा रायबोज अथवा डीऑक्सिरायबोज असते. स्पंजातील संयुगांत तिच्या जागी अरॅबिनोज होती. रायबोज आणि अरॅबिनोज यांतील अणू तेच आणि तेवढेच. फक्त एका ठिकाणच्या जोडणीचे तोंड विरुद्ध दिशेस वळलेले. कडी खऱ्यासारखीच दिसावी, साखळीत ओवलीही जावी, पण पुढची कडी तिच्यात नीट अडकू नये, असा हा प्रकार. तोपर्यंत रसायनज्ञ अशा संयुगांतील निरनिराळ्या भागांत फेरफार करून पाहत असत. शर्करा बदलूनही काही साधेल हे स्पंजाने दाखविले.

हा धागा दुसऱ्यांनी उचलला. १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात वॉलविक, रॉबर्ट्स आणि डेकर यांनी अरॅबिनोजयुक्त सायटोसिनचे संयुग प्रयोगशाळेत तयार केले. तेच सायटाराबिन. १९६१ मध्ये अपजॉन कंपनीतील इव्हान्स व त्यांचे सहकारी यांनी उंदरांतील कर्करोगावर त्याचा गुण दाखविला, आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. रक्ताच्या कर्करोगाचा जो तीव्र मायलॉइड प्रकार आहे, त्यावरील उपचाराचा ते आजही आधारस्तंभ आहे. वेगाने विभागणारी पेशी ही खोटी कडी आपल्या साखळीत ओवते, साखळी तेथेच खुंटते आणि पेशी मरते. येथे एक विलक्षण गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपले शरीर सायटाराबिन फार वेळ टिकू देत नाही. यकृतादिकांतील विकर त्याचे रूपांतर एका निरुपद्रवी पदार्थात करून टाकते, आणि तो पदार्थ म्हणजेच बर्गमन यांना स्पंजात सापडलेले स्पंजोयुरिडिन होय. म्हणजे स्पंजाने जे प्रत्यक्ष दिले ते औषध नव्हतेच. स्पंजाने नमुना दिला. औषध माणसाने त्यावरून घडविले.

ही गोष्ट आम्हांस एकदा समजावून सांगावी लागली. राजाजीनगरातील आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातील मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता. त्याच्या औषधांच्या यादीत सायटाराबिनचे नाव होते. औषधाचे मूळ समुद्रात आहे असे कोठेतरी ऐकून त्याच्या आजोबांनी आम्हांस विचारले, “अहो, एवढं औषध काढायचं म्हणजे समुद्रातले स्पंज संपून नाही का जायचे? आणि संपले तर आमच्या नातवाचं पुढे काय?” आजोबांची चिंता अडाणी नव्हती. कोणत्याही निसर्गज औषधाबाबत हाच पहिला आणि शेवटचा प्रश्न असतो. सायटाराबिनपुरते उत्तर समाधानकारक होते : ते कारखान्यात तयार होते, त्यासाठी एकही स्पंज उपटावा लागत नाही. १९८० नंतरच्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, मद्रासची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी एमसीपी-८४१ या नावाची जी एक समान उपचारपद्धती स्वीकारली, तिच्यातही सायटाराबिनचा समावेश होता. त्यापूर्वी आपल्या देशात या रोगातून वाचणारी मुले फार थोडी असत. त्या पद्धतीनंतर ती संख्या लक्षणीय वाढली. श्रेय अनेक औषधांचे आणि त्याहून अधिक डॉक्टरांचे व परिचारिकांचे. पण त्या यादीतील एका नावामागे १९४५ चा तो बेनामी स्पंज उभा आहे.

आजोबांच्या प्रश्नाचे खरे गांभीर्य दुसऱ्या औषधाच्या इतिहासात दिसून येते. जपानच्या किनाऱ्यावर हॅलिकाँड्रिया ओकादाय नावाचा काळा स्पंज आढळतो. योशिमासा हिराता आणि दाइसुके उएमुरा यांनी त्यातून हॅलिकाँड्रिन-बी हे संयुग वेगळे केले आणि १९८६ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कर्कपेशींचा नाश करण्याची त्याची शक्ती असामान्य होती. परंतु ६०० किलो स्पंजातून हाती आले अवघे १२.५ मिलिग्रॅम.

हा आकडा कळावा म्हणून आमच्या राजाजीनगराकडे वळू. येथील औद्योगिक वसाहतीत, पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, चंदनाच्या साबणाचा सरकारी कारखाना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानात चंदनाचे तेल काढण्याचा जो उद्योग उभा राहिला, त्याचाच तो वारस. चंदनाचे तेल महाग आणि दुर्मीळ खरे. तरी चंदनाच्या गाभ्याच्या शंभर किलो लाकडातून काही किलो तेल निघते. स्पंजातील हॅलिकाँड्रिनचे प्रमाण मात्र सुमारे ४ कोटी ८० लाख भागांत एक भाग असे पडले. ज्या झाडातून शेकडा दोन-चार भाग मिळतात त्या चंदनाचीही आपण तोडीने काय दशा केली हे कर्नाटकात कोणास सांगावयास नको. तेव्हा असल्या प्रमाणात स्पंज उपटून औषध करावयाचे ठरविले असते तर स्पंजही गेले असते आणि औषधही.

प्रयत्न झाला नाही असे नाही. न्यूझीलंडच्या कैकोरा किनाऱ्यावरील एका स्पंजात हेच संयुग थोडे अधिक असल्याचे आढळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने तेथे १ टन स्पंज काढण्यात आला. त्यातून सुमारे ३०० मिलिग्रॅम हॅलिकाँड्रिन-बी मिळाले. हा स्पंज समुद्रात दोरांवर वाढवून पाहण्याचेही प्रयोग झाले. तरीही हा मार्ग रुग्णांच्या गरजेस पुरा पडणारा नव्हता. अखेर वाट सापडली ती पुन्हा प्रयोगशाळेत. १९९२ मध्ये हार्वर्डचे योशितो किशी यांनी हा प्रचंड रेणू साध्या पदार्थांपासून जोडून दाखविला. त्या कामात एक गोष्ट उघड झाली : रेणूचा सारा गुण त्याच्या अर्ध्या भागातच आहे. मग जपानच्या ऐसाई कंपनीने तेवढ्याच भागावरून अनेक रूपे घडविली, त्यांतून एक निवडले, आणि साठांहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी ते तयार करण्याची रीत बसविली. हेच एरिब्युलिन. पेशी विभागताना जे सूक्ष्म तंतू उभारते, त्यांच्या टोकाशी ते जाऊन बसते आणि तंतूंची वाढ थांबवते. नोव्हेंबर २०१० मध्ये, स्तनांच्या पसरलेल्या कर्करोगावर, अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

दोन्ही औषधांच्या तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्यात स्पंज गोळा झाला १९४५ मध्ये आणि मान्यता आली १९६९ मध्ये. दुसऱ्यात संयुगाचा वृत्तांत १९८६ चा आणि मान्यता २०१० ची. दोन्ही वेळा चोवीस वर्षे. एवढ्या काळात कचेरीत सहा-सात अधिकारी बदलतात आणि ज्याने फाईल उघडली तो कारकून निवृत्तीस येतो. मधल्या कोणत्याही वर्षी फलनिष्पत्तीचा रकाना तपासला असता, तर तो रिकामाच सापडला असता.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकांगी होईल. प्रत्येक रिकामा रकाना कालांतराने भरतोच असे नाही. शरत् गुणशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये फ्लॉरिडातील एका संस्थेत डिस्कोडर्मिया या स्पंजातून डिस्कोडर्मोलाइड वेगळे केले. तेही पेशीविभाजन रोखणारे, अत्यंत आशादायक. नोव्हार्टिस कंपनीने मोठ्या खटपटीने त्याचे ६० ग्रॅम संश्लेषण केले, माणसांवरील चाचण्याही आरंभल्या. परंतु फुप्फुसांवर विषारी परिणाम दिसू लागल्याने त्या थांबवाव्या लागल्या. स्पंजांतून आजवर हजारो संयुगे वेगळी करण्यात आली आहेत; त्यांतून रुग्णांच्या हाती गेलेली औषधे बोटांवर मोजण्याइतकी. काचेच्या बशीत कर्कपेशी मारणे ही पहिली पायरी आहे. आम्लही बशीत कर्कपेशी मारते. रोग्याच्या शरीरात कर्कपेशी मराव्यात आणि रोगी जगावा, ही शेवटची पायरी, आणि या दोहोंमधील जिना फार उंच आहे. वर्तमानपत्रांत अमक्या स्पंजात कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याचे अधूनमधून छापून येते. ते वाचताना हा जिना डोळ्यांपुढे ठेवणे रुग्णाच्या घरच्यांना हितावह आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५ मध्ये संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था स्थापन झाली. गोवा मुक्त होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती; या संस्थेचे मुख्यालय पुढे गोव्यातच, दोनापावला येथे उभे राहिले. प्रवाह, लाटा, मासळी, खनिजे यांच्या अभ्यासाबरोबर तेथे सागरी जीवांतील संयुगांचे रसायनशास्त्रही रुजले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची सुरुवात १९५१ ची, म्हणजे बर्गमन यांच्या निबंधाच्याच वर्षाची. या दोन संस्थांनी भारताच्या किनाऱ्यावरील सागरी जीवांचे अर्क काढून निरनिराळ्या रोगांवर ते तपासण्याचे काम मिळून केले. १९९० नंतरच्या दशकात केंद्राच्या महासागर विकास विभागाने समुद्रातील औषधांच्या शोधाचा एक राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. लखनौची संस्था त्याच्या केंद्रस्थानी होती. कामाची रीत सांगावयास सोपी, करावयास कष्टाची. ओहोटी साधून किंवा बुडी मारून नमुना आणावयाचा, त्याची जात ठरवावयाची, अल्कोहोलात भिजत घालून अर्क काढावयाचा, अर्क तपासावयाचा, आणि गुण आढळल्यास त्या अर्काची वाटणी करीत करीत गुण नेमका कोणत्या संयुगात आहे तेथपर्यंत पोहोचावयाचे. कित्येकदा वाटणीच्या शेवटी गुणच नाहीसा होतो.

दोनापावलाच्या रसायनज्ञांनी १९९७ मध्ये टेडानिया अॅनहेलान्स या स्पंजातून पायराझोल वर्गाची दोन नवी आम्ले शोधल्याचे प्रसिद्ध केले. २००४ मध्ये त्यांनी तामिळनाडूतील मंडपमच्या किनाऱ्यावरील एका स्पंजातून ब्रोमिनयुक्त नव्या अल्कलॉइडांचे वर्णन केले. मंडपम हे मन्नारच्या आखातावरच आहे, आणि त्या स्पंजाचे नाव सामाप्लिसिला पर्प्युरिया. मुंबईच्या तळ्यांत ज्यांनी स्पंजाची विद्या आत्मसात केली, त्या कार्टर यांनी १८८० मध्ये नाव दिलेला जांभळट स्पंज तो हाच. नोंद आणि रसायन यांत १२४ वर्षांचे अंतर. याच वंशातील स्पंजातून १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सामाप्लिन-ए हे संयुग काढले होते. कर्कपेशींच्या वाढीशी निगडित असलेल्या एका विकरास ते रोखते, असे पुढे दिसून आले. गोव्याच्या रसायनज्ञांना ज्या जातीचा नेमका ठाव घेता आला, तिची ओळख त्यांना आयती मिळाली होती. ती देणारा माणूस १८९५ मध्येच निवर्तला होता.

आणि तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडावयाचा तर हे लिहिले पाहिजे की, भारताच्या किनाऱ्यावरील स्पंजातून निघून कर्करोगावर मान्यता पावलेले एकही औषध आजपर्यंत झालेले नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातून जे अर्क बऱ्याच पुढच्या पायरीपर्यंत गेले त्यांत मधुमेहावरील आणि रक्तातील चरबीवरील अर्क प्रमुख होते. कर्करोगाचा रकाना रिकामा आहे.

तर मग फाईल बंद करावी काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यास भावनेचा नव्हे, इतिहासाचा आधार आहे. पहिली गोष्ट अशी की, बर्गमन यांना औषध मिळाले ते औषध न शोधता. त्यांच्या फाईलीवर ‘कर्करोग’ हा विषयच नव्हता. दुसरी अशी की, स्पंजाचे खरे मोल त्याच्या वजनात नसून त्याच्या रेणूच्या आकृतीत आहे. ती एकदा कळली की स्पंजास समुद्रात सुखाने राहू देता येते. तिसरी गोष्ट अलीकडची. स्पंजाच्या देहात असंख्य जीवाणू वास्तव्य करतात. काही जातींत शरीराच्या एकूण भाराचा तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक भाग त्यांचाच असतो. जर्मन संशोधक यॉर्न पील यांनी २००४ मध्ये थिओनेला या स्पंजातील कर्करोगविरोधी संयुगे स्पंज स्वतः करीत नसून त्याच्या आत राहणारा जीवाणू करतो, असा जनुकीय पुरावा दिला, आणि २०१४ मध्ये त्यांच्या गटाने त्या जीवाणूंचे कुलच उजेडात आणले. ज्याला आपण घरमालक समजत होतो तो केवळ बिऱ्हाड देणारा निघाला. याचा अर्थ असा की, पूर्वी तपासून बाजूस ठेवलेल्या नमुन्यांतही नव्या नजरेने पाहण्यासारखे काही शिल्लक असू शकते. मात्र नमुना जपलेला असला पाहिजे आणि त्यावरची चिठ्ठी खरी असली पाहिजे.

या चिठ्ठीविषयीच आमचे शेवटचे सांगणे आहे. स्पंजाची जात ओळखणे हे काम अतिशय किचकट. कंटिका आम्लाने सुट्या करून एकेकीचे माप घ्यावे लागते. मध्यवर्ती सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे पी. ए. थॉमस यांनी मन्नारचे आखात आणि पाल्कची खाडी यांतील स्पंजांवर आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली आणि १९८५ मध्ये त्यांवरील ग्रंथ सिद्ध केला. असे जाणकार आपल्याकडे नेहमीच थोडे होते. संयुगाचा शोध लावणाऱ्याचे नाव होते, औषध करणारी कंपनी धनवान होते. पण बरणीवर जातीचे नाव, ठिकाण, खोली आणि तारीख बिनचूक लिहिणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. त्याची चिठ्ठी चुकली तर तोच स्पंज पुन्हा शोधता येत नाही, आणि मग त्यातून निघालेले अमृतही एकदाच निघालेले राहते.

ओख्याचे खडक, रत्नागिरी-मालवणचा किनारा, गोव्याच्या खाड्या, मन्नारचे आखात या ठिकाणी ओहोटीच्या वेळी आजही स्पंज उघडे पडतात. बंदरे वाढत आहेत, किनारे भरले जात आहेत, पाणी तापत आहे. कोणत्या जातीत काय दडले आहे ते कळण्यापूर्वीच ती जात नाहीशी होण्याचा धोका पूर्वीपेक्षा अधिक आहे. सरकारी पैशाने औषध निघेलच असे वचन या शोधाने देऊ नये, आणि आपणही ते मागू नये. मागावयाचे ते एवढेच की, जे समुद्रात आहे ते नोंदले जावे, नोंद जपली जावी आणि जे नोंदले ते उपटून संपविले जाऊ नये. सयाजीरावांच्या बडोद्यास हे सव्वाशे वर्षांपूर्वी परवडले. ते आज आपल्याला परवडणार नाही असे आम्हांस वाटत नाही.